कच्च्या मातीची मुद्रा

पूर्वी मंदारपूर नगरात राजा राज्य करीत नसताना, हो, नसतानाच, बोधिसत्त्व एका कुंभाराच्या घरी जन्मला होता आणि चाकावर पोट भरत होता.

राजा निपुत्रिक वारला. अशा वेळेसाठी त्या नगराची एक रीत होती, आणि मोठी शहाणी रीत होती. चार वेशींच्या वस्त्यांनी एकेक माणूस द्यायचा, पाचवा जुना अमात्य. एकाने धान्य बघायचं, एकाने पाणी, दोघांनी पहारा, आणि अमात्याने सभा बोलवायची. सभा नवा राजा निवडणार. दरम्यान या पाचांनी कुणाला शिक्षा द्यायची नाही, नवा कर बसवायचा नाही. त्यांची मुद्रा कुंभाराने घडवायची, तीही कच्च्या मातीची. तिच्यावर एकच शब्द: 'तोवर'. ओल्या शाईत बुडवून आज्ञेवर उठवली की दर वेळी ती थोडी झिजे. अक्षरं पुसली की पाचांचा अधिकार संपला.

आणि अमात्य पिंगलकाने काय करावं? पहिल्याच आठवड्यात मुद्रा गुपचूप विटांच्या भट्टीत भाजून आणली! सहा महिने झाले तरी सभेचं नाव नाही. विचारलं की म्हणे, "तूर्त थांबा, जरा घडी बसू द्या." कसली घडी? स्वतःचं बूड बसवत होता मेला! उरलेले चौघे माना डोलवत होते, त्यांचा तर मला जास्त संताप येतो.

नंदुक नावाच्या नावाड्याने भर बाजारात विचारलं, "सभा कधी?" त्याला त्याच दिवशी कोठडीत टाकलं. मग आज्ञा निघाली की येत्या पौर्णिमेला त्याचे दोन्ही हात तोडावेत. वल्हं मारणाऱ्याचे हात! नंदुकची बायको सामा आज्ञेचं ताडपत्र घेऊन कुंभाराच्या दारात आली.

"दादा, ही मुद्रा तुम्हीच घडवलीत ना?"

बोधिसत्त्वाने ठसा पाहिला. सहा महिन्यांनंतरही अक्षरं रेखीव होती, आणि ठसा मूळ मापापेक्षा जवभर आकसलेला. मातीला आच लागली की ती आकसते, हे कुंभाराला कुणी शिकवावं लागत नाही.

"चल सामाताई," तो म्हणाला, आणि पाण्याने भरलेलं एक पसरट भांडं घेऊन थेट अमात्याकडे निघाला. वाटेत लोक मागे येत गेले.

पिंगलक चतुर होता. भांडं पाहताच तो खालच्या आवाजात म्हणाला, "कुंभारा, पाचांचे सहा करू. तू बस माझ्या शेजारी. नावाड्यालाही सोडतो, मग तर झालं?"

"नावाडी तुमच्या मेहरबानीने सुटायला नको," बोधिसत्त्व सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मुद्रा या पाण्यात टाका. विरघळली तर तुमची मुदत संपली. नाही विरघळली तर तुम्ही चोर."

मुद्रा आवळून धरलेली पिंगलकाची मूठ उघडेना. शेवटी उत्तर वेशीच्या माणसाने, त्या माना डोलवणाऱ्यांपैकीच एकाने, ती उघडली. मुद्रा टणकन तळाशी बसली. लोक वाकून बघत राहिले. पाणी नितळ होतं आणि तळाशी 'तोवर' स्पष्ट वाचता येत होतं.

नंदुक त्याच दुपारी सुटला, दोन्ही हातांनिशी. लोक कुंभाराला म्हणाले, "आता तूच बस." त्याने नकार दिला, कच्च्या मातीची नवी मुद्रा घडवून चार वेशींच्या नव्या माणसांकडे दिली आणि घरी जाऊन चाक फिरवलं. आठव्या दिवशी सभा भरली.

ही कथा शास्त्यांनी विहारात सांगितली, ती उगाच नाही. भांडार सांभाळणारे स्थविर परगावी गेले होते, ते परत येईपर्यंत किल्ली एका भिक्षूकडे होती. स्थविर येऊन दोन महिने झाले, तरी किल्ली काही परत गेली नव्हती.

शास्ता म्हणाले, "तेव्हाचा नावाडी म्हणजे आपला आनंद. कुंभार मी होतो. माना डोलवणारे ते चौघे म्हणजे किल्लीबद्दल अवाक्षर न काढणारे तुम्ही सगळे. आणि पिंगलक कोण, ते मी सांगू?"

सांगावं लागलं नाही. मागच्या खांबापाशी फरशीवर किल्ली वाजली.

"याला त्याग म्हणतात," शास्ता म्हणाले. "उशिरा का होईना."