सहाण काढून घेतली

"माई, माझी सहाण का काढून घेतलीत?"

भामा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी. अंगावर ओलेतं, केसांतून पाणी निथळतंय, अन् दोन्ही हात पदराखाली. धनुर्मासातली पहाट. मठाच्या टेकडीवर गारठा असा, की बोलणाऱ्याच्या तोंडून शब्दाआधी वाफ निघावी. उजाडायच्या आत बाळकृष्णाला मुगाच्या खिचडीचा नैवेद्य दाखवायचा. त्याआधी त्याची आंघोळ, मग गंध. महिनाभराची ही सेवा यंदा भामेनं हट्टानं मागून घेतली होती.

तुंगामाई चुलीशी बसल्या होत्या. सहाण त्यांच्या मांडीशी, सहाणेवर चंदनाचं खोड.

"काल देवाच्या गंधात रक्ताचा ठिपका होता."

भामेचा चेहरा उतरला. "विटाळ झाला... मी उपास धरते, माई. सांगाल ते प्रायश्चित्त घेते."

"देवानं कुठं तक्रार केलीय? आंघोळीचं पाणी झालं का त्याच्या?"

"झालं. कोमट आहे. थंडीचे दिवस, लेकराला गार कसं घालायचं?"

"कोमट झालंय हे कसं बघितलंस?"

"कोपर बुडवून."

"कोपर? बोटं काय गहाण टाकलीस?"

भामेनं हात पदराखाली आणखी आत ओढले. चुलीत ओलं लाकूड चरचरलं.

"बोटांना कळत नाही, माई."

"दाखव."

तिनं हात पदराबाहेर काढले. कातडी ढोलकीच्या पानासारखी ताणलेली, मूठ पुरती वळेना. गार पाणी लागलं की ही बोटं आधी चुन्यात बुडवल्यागत पांढरी पडायची, मग निळी. शेंड्यांना जखमा, ऋतू पालटले तरी न भरलेल्या. दुखण्याचं नाव स्क्लेरोडर्मा. ते माईंना ठाऊक होतं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक काळं पडलंय, हे मात्र ठाऊक नव्हतं.

माईंनी ते बोट चुलीच्या उजेडाकडे वळवलं.

"डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं?"

भामेनं धडा म्हणावा तसं म्हणून दाखवलं. "गार पाण्यात हात नको. हातमोजे घालायचे, अंगही उबेत ठेवायचं. जखम रोज स्वच्छ करायची, मलम लावायचं, पट्टी बांधायची. आणि..."

"आणि?"

"टोक काळं पडलं तर त्याच दिवशी यायचं. नाहीतर बोट जाईल."

"कधी पडलं काळं?"

"एकादशीला."

"आज?"

"...चतुर्दशी."

माईंनी डोळे मिटले, उघडले.

"महिना पुरा झाला की जाणारच होते," भामा म्हणाली. मग मान ताठ करून, "आणि गेलं बोट तर गेलं. देह चंदनासारखा झिजावा, हे तुम्हीच सांगता ना?"

माईंनी खोड उचललं. तिच्यापुढे धरलं.

"हे कधीचं गं?"

"तुमच्या गुरूंच्या वेळचं."

"मग अजून टिकलं कसं? उगाळून झालं की काय करतेस याचं?"

"पुसते. कोरड्या फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवते."

"का? तसंच टाकावं की ओलं, सहाणेवर."

"ओलं राहिलं की चिरा पडतात, माई."

"कुणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"अगं, मग माझं शिकवणं अर्धंच उचललंस होय? झिजायचं तेवढं घेतलंस!"

भामा पोरीसारखी पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरत राहिली.

माईंनी दांडीवरची आपली लोकरीची धाबळी ओढली. दातात काठ धरला आणि फर्रकन दोन पट्ट्या फाडल्या. चांगली घट्ट विणीची धाबळी!

"माई, अहो! तुमच्या सोवळ्याची..."

"म्हणजे सोवळ्यात चालते ना ही?"

"चालते. लोकर कधी विटाळत नाही."

"ठाऊक आहे तुला. मग हे ओलेतं कुणाला दाखवायला?"

...

भामेला आठवलं. मागल्या उत्सवात गावच्या बायका तिचे निळे हात बघून म्हणाल्या होत्या, "काय बाई हिची भक्ती!" शाल तिनं नाकारली, मोजे नाकारले. त्या शब्दांची ऊब काही नाकारली नव्हती.

"जा, कोरडं नेसून ये. मग बस इथं, चुलीपासून हातभर लांब. तुझ्या बोटांना चटकाही कळायचा नाही."

ती येऊन बसली. माईंनी उकळून निववलेल्या पाण्यानं एकेक जखम टिपली. धुतल्या कापडाची चिंधी सैलसर बांधली, वरून धाबळीची पट्टी. काळ्या टोकाशी आल्या तेव्हा चिंधी त्यांनी दोनदा बांधली, दोनदा सोडली. भामेनं ते बघितलं, आणि पहिल्यांदा तिला भीती वाटली.

"खाली फाट्यावर सकाळची एसटी येते. तुझ्याबरोबर मी येते."

"आज? आणि देवाची आंघोळ? नैवेद्य?"

"देव थांबेल."

"माझं व्रत मोडेल, माई!"

माई धाबळीची गाठ मारत राहिल्या. भामा ताडकन उठली. चौरंगावर आंघोळीची वाट बघत बसलेला बाळकृष्ण तिनं दोन्ही गुंडाळलेल्या हातांत उचलून आणला आणि माईंसमोर धरला.

"ह्याच्याकडे बघा. किती पिढ्यांनी चिंच लावून घासला ह्याला. सेवा करणाऱ्यांनी घासून घासून ह्याची बोटं पार नाहीशी केली, नुसता गुळगुळीत तळवा उरलाय. तरी लोण्याचा गोळा सुटला का हातातून? बोटांवाचून धरून बसलाय ना?"

माईंनी मूर्ती घेतली. त्या गुळगुळीत तळव्यावरून अंगठा फिरवला. देवाला कुंची घातली, बंद बांधले, चौरंगावर नेऊन ठेवला आणि हात जोडले.

मग भामेच्या खांद्यावर शाल टाकत म्हणाल्या,

"तो पितळेचा आहे, भामे."