पाचवीची आंघोळ

डोंगराच्या कुशीत एक गाव होते. पौष लागला की तिथे रोज सकाळी धुके उतरायचे आणि दुपार झाली तरी निघायचे नाव घेत नसे. झाडे अर्धीच दिसत. घरांची नुसती छपरे तरंगताना दिसत. माणसे एकमेकांना खोकल्यावरून ओळखत, बायका बांगड्यांच्या आवाजावरून. पौषात त्या गावात डोळ्यांना फारसे काम नसे.

त्या गावात भिवराबाई नावाची सुईण राहत होती. गावातले प्रत्येक माणूस, अगदी मिशीला पीळ देणारा पाटीलसुद्धा, पहिल्यांदा तिच्याच हातात रडले होते. बाळंतिणीचे सगळे शास्त्र तिला पाठ होते. डिंकाचा लाडू द्यायचा, खाटेखाली शेगडी ठेवायची, दारे-खिडक्या बंद, कानाला फडके. गार पाण्याचे तर नावही काढायचे नाही. शेपा घालून उकळलेले पाणी, तेही घोटभर. पाचव्या दिवशी बाळाला तेल चोळून कढत पाण्याने न्हाऊ घालायचे, ओव्याची धुरी द्यायची आणि नव्या सुपात निजवायचे. तिच्यापुढे सासवासुद्धा ब्र काढत नसत. आणि भिवराबाईनेही कधी कोणाला काही विचारले नव्हते. सगळे ठाऊक असलेल्या माणसाने विचारायचे तरी काय?

तिच्या स्वतःच्या घरात मात्र पाळणा कधी हलला नव्हता. लोकांची लेकरे लोकांच्या घरी ठेवून ती रोज रिकाम्या घरी परत येई. त्याबद्दल ती बोलत नसे, आणि गावही विचारत नसे.

एके सकाळी तिने दार उघडले, तर धुक्यातून एक कुत्री चालत आली. रंग राखाडी, पोट जमिनीला टेकायला आलेले. उंबऱ्यापाशी थांबून तिने भिवराबाईकडे पाहिले आणि खुशाल आत शिरली. धान्याच्या कणगीमागे अंधारा कोपरा होता. तिथे तीन गिरक्या घेऊन ती अंग टाकून बसली.

भिवराबाईने एका नजरेत ओळखले, हिचे दिवस भरलेत. तिला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की तो कोणाला दिसू नये म्हणून तिने आधी दार लावून घेतले. कुत्रीचे नाव तिने राखुंडी ठेवले. पेटीतली ठेवणीतली गोधडी काढली, खिडकीजवळ उजेडात अंथरली आणि राखुंडीला तिच्यावर आणून बसवले. राखुंडी बसली, मान राखायला म्हणून थोडी थांबली, मग उठून पुन्हा कणगीमागे गेली. जाताना कोपऱ्यात पडलेले एक जुने गोणपाट तिने दातांनी ओढून नेले. भिवराबाईने तिला तीनदा गोधडीवर आणले आणि तीनदा ती गोणपाटावर परत गेली.

"अडाणी आहेस," भिवराबाई म्हणाली आणि गोधडीची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी राखुंडी व्याली. भिवराबाई दोरा, तेल, कढत पाणी सगळे घेऊन तयार बसली होती. पण राखुंडीने तिच्याकडे पाहिलेही नाही. एकेक पिल्लू आले. तिने प्रत्येकाची नाळ स्वतः तोडली, प्रत्येकाला चाटून कोरडे केले आणि नाकाने ढकलत पोटाशी लावले. पाच पिल्ले झाली. शेवटचे मुठीत मावेल एवढे होते, त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. सगळी प्यायला लागली. भिवराबाईचे हात रिकामेच राहिले. जन्मात पहिल्यांदाच एक बाळंतपण तिच्यावाचून पार पडले होते, आणि खरे सांगायचे तर तिला ते लागले.

"बरं, व्यालीस तू तुझी," ती म्हणाली, "पण पुढचं माझ्याकडे."

मग तिचे शास्त्र सुरू झाले. तिने डिंकाचा लाडू केला. राखुंडीने तो हुंगला, अंगणात नेला आणि जाईच्या वेलाखाली पुरून टाकला. तिने कणगीजवळ शेगडी ठेवली. राखुंडी जीभ बाहेर काढून धापा टाकू लागली. तिने पाण्याचे भांडे उचलून ठेवले आणि त्या जागी शेपांचे कोमट पाणी ठेवले. राखुंडीने त्याला तोंड लावले नाही. सकाळी दार उघडले की ती बाहेर जाऊन दगडी पायरीवरचे दव चाटत राही.

शेजारच्या सुताराची सून पिल्ले बघायला येई. तिलाही सातवा महिना होता. एकदा राखुंडी पायरी चाटत होती ते पाहून ती हळूच म्हणाली, "मावशी, तिला तहान लागली असेल का?"

भिवराबाईने तिच्याकडे असे काही पाहिले की ती पदर सावरत घरी निघून गेली.

पाचवा दिवस उजाडला. भिवराबाईने आदल्या दिवशीच आळीतल्या बायकांना पाचवीचे आमंत्रण दिले होते. लोकांच्या घरच्या पाचव्या तिने शेकड्यांनी केल्या होत्या. आपल्या घरची ही पहिलीच. राखुंडी सकाळी बाहेर गेली तशी तिने दाराला कडी घातली. मळके गोणपाट उचलून घरामागच्या उकिरड्यावर टाकले. कणगीमागचा कोपरा शेणाने सारवला. मग एकेका पिल्लाला तिळाचे तेल चोळले, हळद-बेसन लावले, कढत पाण्याने न्हाऊ घातले, ओवा आणि वावडिंगाची धुरी दिली आणि कपाळावर काजळाची तीट लावली. पाचही पिल्ले नव्या सुपात, पेटीतल्या वाळ्याचा वास असलेल्या फडक्यावर ओळीने निजली. ती इतकी साजरी दिसत होती की भिवराबाईला रडूच आले.

तिने दार उघडले. राखुंडी धावत आत आली. कणगीमागे गेली, हुंगले, जमीन उकरली. सुपापाशी आली. पहिल्या पिल्लाजवळ नाक नेले आणि शिंकली. दुसऱ्याजवळ नेले आणि मागे सरली. मग ती घरभर फिरली. चुलीमागे पाहिले, खाटेखाली पाहिले, माठामागे पाहिले. पिल्ले समोर होती आणि ती आपली पिल्ले शोधत होती.

भिवराबाईने तिला धरून सुपाशी आणले. राखुंडीने अंग सोडवून घेतले आणि बाहेर धुक्यात निघून गेली.

थोड्या वेळात बायका आल्या, ओट्या घेऊन, हळदीकुंकू घेऊन. सुपातली पिल्ले पाहून त्यांनी तोंडभर कौतुक केले. कोणी बोटे मोडून दृष्ट काढली, कोणी पाचवीचे गाणे म्हटले. पण गाण्याच्या मधूनच बाहेरून राखुंडीचा आवाज येई. कधी विहिरीकडून, कधी देवळाकडून, कधी अगदी भिंतीपलीकडून. पांढऱ्या धुक्यात ती गावभर हाका मारत फिरत होती. हळूहळू बायकांचे गाणे बारीक होत गेले आणि थांबले.

पिल्ले आधी ओरडत होती. मग कुरकुरू लागली. भिवराबाईने गाईच्या दुधात कापसाची वात भिजवून त्यांच्या तोंडात धरली, पण दूध गालावरून ओघळले. मुठीएवढे पिल्लू तर आता कुरकुरतही नव्हते. तिने त्याच्या पोटाला हात लावला. पोट गार लागले. शेकडो लेकरांना हात लावलेला तो हात, त्याला गार म्हणजे काय ते कळत होते.

बायका तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. मावशीला सगळे ठाऊक असते, आता मावशी काहीतरी करील, असे त्यांच्या डोळ्यांत होते. भिवराबाई उठली.

"मला हे येत नाही," ती म्हणाली. "मी विचारून येते."

बायकांना वाटले आपण चुकीचे ऐकले.

त्या आठवड्यात गावाबाहेरच्या एका शेतात एका म्हाताऱ्या धनगराने मेंढ्या बसवल्या होत्या. धुक्यातून त्यांच्या घंटा ऐकू येत. त्या आवाजाच्या रोखाने भिवराबाई चालत गेली. वाटेत दोनदा बांधाला अडखळली. मेंढ्या आधी दिसल्याच नाहीत, त्यांची ऊब लागली. मग घोंगडी पांघरून बसलेला म्हातारा दिसला. तिने त्याला सगळे सांगितले, काही लपवले नाही. आंघोळही सांगितली आणि धुरीही.

म्हाताऱ्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "बाई, लेकरं अजून डोळे मिटलेली, अन् आई नाकानं बघणारी. तुम्ही त्यांचा वासच धुऊन टाकला. आता तिनं वळखावं कशावरनं?"

भिवराबाईने मान खाली घातली. आता काय करू, असे तिने विचारले.

"माझं कोकरू पाण्यात पडून धुऊन निघालं, की मेंढी त्याला ढुशी मारती. मग मी त्याला तिच्याच जागंवरच्या गवतानं पुसतो. तुमची कुत्री ज्याच्यावर व्याली, ते काय हाय का?"

"उकिरड्यावर टाकलं."

"मग तिथनं आणा. त्यानंच पिल्लं पुसा, त्याच्यावरच ठेवा. अन् आणखी एक. मग हात लावू नका. मेलं तरी हात लावू नका. तेवढं जमंल का?"

भिवराबाई धावतच परत आली. एकदा घराबाहेर टाकलेले पुन्हा घरात आणायचे नाही, हा तिचाच नियम. त्यावरून तिने कितीतरी सुनांना बोल लावले होते. आता आळीतल्या सगळ्या बायकांदेखत ती उकिरड्यावर चढली, गुडघ्यांवर बसली आणि राख, शेण, भाजीची देठे हातांनी बाजूला करत गोणपाट शोधू लागली. कोणी हसले नाही. सुताराची सून पुढे झाली आणि जड अंगानेच तिच्याबरोबर शोधू लागली. गोणपाट सापडले. दवाने ओले झाले होते, पण वास होता.

भिवराबाईने बायकांना घरी पाठवले. शेगडी विझवली. दोन्ही दारे सताड उघडली, धुरीचा वास जाऊ दिला. पिल्लांची तीट पुसली, गोणपाटाने एकेकाला हलकेच चोळले. सगळ्यात लहान होते ते शेवटी. मग गोणपाट कणगीमागे अंथरून त्यांना त्यावर ठेवले. माठातल्या गार पाण्याने थाळी भरून उंबऱ्यापाशी ठेवली. आणि स्वतः समोरच्या भिंतीला टेकून बसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

दारातून धुके आत येऊ लागले. आधी उंबरा दिसेनासा झाला, मग चूल. सगळे घर जणू झोपेत गेले. कुठे काही वाजत नव्हते. भिवराबाईला वाटले, किती वेळ गेला असेल, घटका की सगळे वर्ष?

मग लप् लप् असा आवाज आला. राखुंडी पाणी पीत होती. प्यायली, थांबली, पुन्हा प्यायली. थाळीचा तळ खरवडेपर्यंत प्यायली. पाच दिवसांची तहान होती ती. मग तिने नाक वर केले.

ती कणगीमागे गेली. पहिले पिल्लू हुंगले. पुन्हा हुंगले. आणि तिच्या घशातून असा काही आवाज निघाला की भिवराबाईच्या अंगावर काटा आला. राखुंडीने एकाला चाटले, दुसऱ्याला चाटले, चौघांना पोटाशी ओढले. पिल्ले चुटूचुटू पिऊ लागली. पाचवे मात्र हलले नाही. राखुंडी त्याला चाटत राहिली. ते हलले नाही.

भिवराबाईचे हात मांड्यांखालून निसटू लागले. तिला ठाऊक होते, असे लेकरू कसे चोळायचे, कसे फुंकायचे. आणि तरीही तिने हात पुन्हा खाली दाबले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, ते पुसायलाही तिने हात काढले नाहीत.

राखुंडी चाटतच राहिली. पोट, पाठ, तोंड, पुन्हा पोट. आणि बऱ्याच वेळाने कणगीमागून एक अगदी बारीक, रागावलेला आवाज आला. मुठीएवढे पिल्लू भुकेले झाले होते.

त्यानंतर भिवराबाई रोज गार पाणी भरी, भाकरी कुस्करून ताकात कालवून ठेवी, आणि लांब बसे. आठवड्याभराने पिल्लांचे डोळे उघडले. एका सकाळी राखुंडीने कपाळावर ठिपका असलेले पिल्लू तोंडात धरले, घर ओलांडून आणले आणि भिवराबाईच्या मांडीवर ठेवून पाणी प्यायला गेली. भिवराबाई दुपारपर्यंत जागची उठली नाही.

पुढे फाल्गुनात सुताराची सून बाळंत झाली. मुलगी झाली, सगळे नीट झाले. भिवराबाईचे हात सवयीने शेगडीकडे गेले आणि मध्येच थांबले. ती खाटेच्या कडेवर बसली. सासू दारात उभी होती, बायका उभ्या होत्या. त्या सगळ्यांसमोर तिने आयुष्यात पहिल्यांदा एका बाळंतिणीला विचारले, "पोरी, तुला काय हवं?"

सुनेने सासूकडे पाहिले, मग मावशीकडे पाहिले. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

"पाणी," ती म्हणाली. "साधं पाणी, मावशी. पोटभर."

भिवराबाईने माठातून तांब्या भरून तिच्या हातात दिला. सुनेने तो एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला. तो भरताना भिवराबाईला गावातली एकेक बाळंतीण आठवू लागली. किती वर्षे, किती जणी, आणि त्यांतल्या एकीलाही तिने विचारले नव्हते. दारात उभ्या बायकांपैकी कोणीतरी पदराने डोळे टिपले.

तात्पर्य इतकेच: ज्याची सेवा करायची, त्याला काय हवे ते आधी विचारावे. आणि ज्याला बोलता येत नाही, त्याच्याजवळ हात आवरून थोडा वेळ बसावे.