पिटुकला पंखा

खाडीवर पूल नव्हता आणि तांडेल आपल्या होडीतून लोकांना पलीकडे नेई, तेव्हाची गोष्ट. चोंबडं वल्हं होडीच्या इंजिनाला म्हणालं, "आजोबा, ऐकलंत? तांडेल म्हणत होता, म्हाताऱ्याला उद्या उतरवायचं आणि..." पुढचं लाटांनी ऐकूच दिलं नाही.

तरण्या इंजिनांसारखा पाणी कापायचा मोठा पंखा लागला म्हणून इंजिन मिरवलं खरं, पण तो फिरवताना त्याला धाप लागायची. आता भंगारच नशिबी!

सकाळी तांडेलाने त्याला खरंच उतरवलं, मोठा पंखा काढला, त्याचा जुना लहान पंखा बसवला आणि इंजिन परत होडीला जोडलं.

"काय आजोबा, पिटुकल्यावाचून अडलंच ना?" पंखा हसला.

"अडलं रे बाबा! तुझे उपकार," म्हणत इंजिनाने भरली होडी धाप न लागता पैलतीराला नेली.

वल्हं पुटपुटलं, "उतरवलं तर होतंच की!"