शास्त्रीबुवांचं पाळण्यातलं नाव

फार पूर्वी, समुद्रावर शिडाची जहाजं चालत तेव्हा, एका बंदराच्या गावात एक नामशास्त्री राहत होता. लोकांच्या बाळांना नावं सुचवणं हे त्याचं काम. त्या बंदरात देशोदेशीची गलबतं लागत. गलबत लागलं की गावातले व्यापारी धक्क्यावर धावत आणि विचारत, "माल काय आणलात?" आमचे शास्त्रीबुवा त्याच गर्दीत वही काखेत मारून उभे असत आणि विचारत, "नाव काय तुमचं? अर्थ काय त्याचा?"

असं करत करत त्यांची वही जाडजूड झाली होती. शिरीन म्हणजे गोड, हे इराणच्या लोकांकडून कळलं. खालिद म्हणजे कायम टिकणारा, हे अरबांनी सांगितलं. आयरीन म्हणजे शांती, हे एका ग्रीक गलबताच्या तांडेलाच्या बायकोनं सांगितलं, आणि ती नवऱ्याशी कडाकडा भांडत असतानाच सांगितलं. शास्त्रीबुवांनी तेही वहीत टिपून घेतलं.

त्यांचं स्वतःचं नाव रत्नप्रभ. म्हणजे गाव तसं समजून चालत होतं. आईनं ठेवलेलं नाव वेगळं होतं. ते होतं केरू. झाडून उकिरड्यावर टाकतात तो केर, त्याच्यावरून केरू. लहानपणी पोरं त्यांना बघून केरसुणी फिरवल्याची नक्कल करत. दहा वर्षांचे असताना त्यांनी एकदा आईला रडवेलं होऊन विचारलं होतं, "तुला दुसरं नाव सुचलंच नाही का गं?" आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही आणि उत्तरही दिलं नाही. आईला आपली काही किंमतच नव्हती, असं तेव्हापासून त्यांच्या मनानं घेतलं.

मोठे झाल्यावर ते गाव सोडून बंदरात आले, शिकले आणि रत्नप्रभ झाले. नाव झालं, घर झालं. मग एकटी राहिलेल्या आईला त्यांनी इकडे आणलं खरं, पण तिला परसदारची खोली दिली. कुणी विचारलं तर "दूरची नातेवाईक आहे" म्हणत. म्हातारीनं कधी तक्रार केली नाही. चारचौघांत ती मुलाला "अहो शास्त्रीबुवा" म्हणायची आणि घरात नुसतं "अरे, ऐकलंस का?" रत्नप्रभ हे नाव मात्र तिच्या तोंडून कधी आलं नाही. ही म्हातारी आपल्या नावावर रुसली आहे, असं शास्त्रीबुवांना वाटे.

तर एकदा काय झालं, त्या राज्याच्या राणीला मुलगा झाला. राज्यात आनंदीआनंद व्हायला हवा होता, पण सगळे दबून होते. कारण राणीची आधीची दोन बाळं वर्षाच्या आतच गेली होती. पहिल्याचं नाव अजिंक्य होतं, दुसऱ्याचं चिरंजीव. दोन्ही नावं शास्त्रीबुवांनीच काढून दिली होती. तिसरं बाळ झाल्यापासून राणीनं डोळ्याला डोळा लावला नव्हता. दाई, दासी, सासू कुणाच्याही हातात ती बाळ देत नव्हती.

बारशाचा दिवस ठरला. राजानं दवंडी पिटवली की बंदरातल्या सगळ्या देशांच्या लोकांनी यावं आणि आपल्याकडचं उत्तमातलं उत्तम नाव सुचवावं. गावातल्या बायकांनाही घुगऱ्या घ्यायला बोलावलं होतं. सकाळी निघताना शास्त्रीबुवांनी पाहिलं, तर आई धुवट लुगडं नेसून तयार.

"मीबी येते रं," ती म्हणाली. "लेकराला लांबून बघीन."

"चल. पण तिथं मला ओळख दाखवू नकोस," शास्त्रीबुवा म्हणाले. म्हातारीनं मान डोलावली. बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कसंसं झालं, पण तोवर पालखी दाराशी आली होती.

वाड्याच्या चौकात पाळणा सजवला होता. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून राजाची बहीण केव्हाची पाळण्याशी तिष्ठत होती. राणी बाळाला छातीशी धरून बसली होती. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

नावं सांगायला सुरुवात झाली. अरब व्यापाऱ्यानं खालिद सुचवलं. ग्रीक तांडेल पुढे येऊन म्हणाला, "अथनासिओस! ज्याला मरण नाही तो." आपल्याकडच्या पंडितांनी मृत्युंजय सुचवलं. राजा प्रत्येक नावाला मान डोलवत होता. शेवटी शास्त्रीबुवा वही उघडून उठले, तशी राणी म्हणाली, "शास्त्रीबुवा, वही मिटा."

सगळे चपापले.

"रागावले नाही मी," राणी म्हणाली. "पण चिरंजीव म्हणून हाक मारता मारता मी बाळ पोचवून आले. आता मला नावाचा अर्थ नको. तुम्ही सगळे इथं जिवंत बसला आहात ना? मग मला तुमचीच नावं सांगा. कुणी ठेवलं आणि का ठेवलं, ते सांगा."

आता आली का पंचाईत! शास्त्रीबुवांनी वही मिटली. बायकांच्या घोळक्यात मागे आई उभी होती. तिच्याकडे न बघता ते खाली बसले.

पहिल्यांदा एक यहुदी अत्तरवाला उठला. "माझं नाव आल्टर," तो म्हणाला. "आमच्या बोलीत त्याचा अर्थ म्हातारा."

चौकात खसखस पिकली. राजालाही हसू आवरेना. "जन्मल्या जन्मल्याच म्हातारा?"

"हो महाराज. माझ्या आधीचं भावंड गेलं होतं. आजी म्हणाली, काळ दाराशी येऊन बाळ कुठाय विचारेल, तर आपण सांगू, इथं बाळबीळ कुणी नाही बाबा, एक म्हातारा आहे तेवढा."

हसणं थांबलं. राणी पुढे सरकून बसली.

मग एका तुर्की जहाजावरचा आचारी भीत भीत उभा राहिला. त्याला कुणी बोलावलंही नव्हतं, तो आपल्या मालकाचं सामान धरून आला होता. "मी दुर्सुन," तो म्हणाला. "म्हणजे 'राहू दे'. माझ्या आधी चौघं गेली, राणीसाहेब. माझ्या आईनं नाव ठेवलं नाही, विनवणी केली."

त्याच्या शेजारी दूर आफ्रिकेतून आलेली एक कापडवाली होती. ती म्हणाली, "माझं नाव मालोमो. आमच्या योरुबा भाषेत त्याचा अर्थ 'पुन्हा जाऊ नकोस'. आई मला अंगणातून जेवायला हाक मारायची, तेव्हाही तेच म्हणायची."

शास्त्रीबुवा ऐकत होते. ही तिन्ही नावं त्यांच्या वहीत होती. दुर्सुन तर कितीतरी वर्षांपूर्वी लिहिलेलं होतं आणि पुढे 'विचित्र नाव' असा शेराही मारलेला होता. तीस देशांतल्या नावांचे अर्थ त्यांना पाठ होते, पण हे नाव का ठेवलं असं त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं. म्हातारा, राहू दे, जाऊ नकोस. आणि केर? जो काळाच्या नजरेतही भरू नये, कुणी उचलूही नये, असा केर?

"आता तुम्ही, शास्त्रीबुवा," राणी म्हणाली.

ते उठले. तोंडाला सवयीनं तेच आलं. "रत्नप्रभ. म्हणजे रत्नांची कांती."

"कुणी ठेवलं?"

आता 'वडिलांनी' एवढं म्हणून खाली बसता आलं असतं. राजा समोर होता, गावातले मोठमोठे लोक होते, ज्यांच्या घरची नावं त्यांनी काढली होती ते सगळे होते. एका शब्दात आयुष्यभराची अब्रू जायची होती. शास्त्रीबुवांनी राणीकडे पाहिलं. बारा दिवसांच्या जागरणानं तिची मान डुगडुगत होती, पण बाळाभोवतीची मिठी सैल झाली नव्हती. असंच कुणीतरी आपल्यालाही धरून बसलं असेल, असं त्यांच्या मनात आलं.

"ते मीच ठेवलं," ते म्हणाले. "आईनं ठेवलेलं नाव मी लपवलं. लाज वाटायची मला. राणीसाहेब, माझं पाळण्यातलं नाव के..."

"गप! गप बसा शास्त्रीबुवा!" मागून एकदम ओरडा आला. बायकांना ढकलत एक म्हातारी पुढे येत होती. तिच्या हातातल्या घुगऱ्या चौकभर सांडल्या. "मोठ्यानं सांगू नका! ऐकंल ना तो!"

"कोण ऐकेल?" राजा म्हणाला. "आणि ही बाई कोण?"

"ही माझी आई," शास्त्रीबुवा म्हणाले. "आणि माझं नाव केरू आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं. शास्त्रीबुवांना ते ऐकू आलं, पण त्यांचं लक्ष आईकडे होतं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. पंचेचाळीस वर्षांच्या, पोट सुटलेल्या, केस पिकलेल्या आपल्या मुलासाठी ती अजून काळाला घाबरत होती.

राणीनं तिला हाताला धरून जवळ बसवलं. "किती गेली होती तुमची?"

"तीन," म्हातारी पुटपुटली. "माणिक, मोती आन् हिरा. मोठ्या हौसेनं ठेवली होती नावं. मग हे झालं, तवा सुईण म्हणाली, याला उकिरड्यावर ठेव. टाकलेला केर कुणी नेत न्हाई. ठेवला मी. आन् असं नाव का ठेवलं ते कुणाला सांगायचं न्हाई, सांगितलं की कपट उघडं पडतं. मग या पोरालाबी कसं सांगू? ते रडायचं, मी तांदूळ निवडायची. आन् मोठं होऊन यानं काय नाव घेतलं, तर रत्न! माझा जीवच उडाला. म्या त्या नावानं कधी हाक मारली न्हाई बाई. कधीच न्हाई."

शास्त्रीबुवा भर चौकात आईच्या पायाशी बसले. ते लहान मुलासारखे रडले आणि कोण बघतंय याची त्यांना पर्वा राहिली नाही.

"उकिरड्यावरून उचलताना याला काय म्हणालात?" राणीनं विचारलं.

"काय म्हणणार? चल घरी, म्हटलं."

राणीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "मला पण शिकवा."

म्हातारीनं क्षणभर विचार केला. मग तिनं मुदपाकखान्यातून मूठभर कोंडा मागवला. तो राणीच्या ओच्यात घालून म्हणाली, "आता लेकरू माझ्याकडं द्या आन् म्हणा, हे मला नको."

राणीनं तोंड उघडलं. शब्द फुटेना. तिनं पुन्हा बाळाला छातीशी धरलं.

"तोंडानं म्हणा, बाई," म्हातारी हळूच म्हणाली. "मनानं म्हणू नका."

"हे... मला नको," राणी म्हणाली आणि हुंदके देऊ लागली. बारा दिवसांत पहिल्यांदा बाळ तिच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेलं. म्हातारी चार पावलं चालली, वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ठणकावून म्हणाली, "हे कसलं रडकं पोर! कोंडा दिला तरी देऊन टाकीन!" राणीनं धावत जाऊन तिच्या पदरात कोंडा ओतला आणि बाळ घेतलं.

"मग नाव काय सांगू?" आत्याबाईंनी विचारलं. वाट पाहून त्यांचे पाय दुखायला लागले होते.

"कोंडाजी," राणी म्हणाली.

राजाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "युवराज... कोंडाजी?"

"मोठा झाला की ठेवा ना काय ते भारी नाव," म्हातारी म्हणाली. "आत्ता जगू द्या."

राजानं राणीकडे पाहिलं आणि मुकाट्यानं मान हलवली. आत्याबाईंनी बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी त्यांच्या पाठीत रीतसर धपाटे घातले आणि पाळणा सुरू झाला. मूठभर कोंड्यानं काळ फसतो की नाही, ते काही मला ठाऊक नाही. पण पाळण्याचं गाणं संपायच्या आत राणीनं म्हातारीच्या खांद्यावर मान टाकली, बाळ शास्त्रीबुवांच्या हातात दिलं आणि भर दुपारी, त्या गलक्यात, ती गाढ झोपली.

दासी उठवायला आली, तशी म्हातारीनं डोळे वटारले. मग तिनं मुलाकडे वळून हलक्या आवाजात सांगितलं, "केरू, लेकराची मान नीट धर."

"धरतो, आई," शास्त्रीबुवा म्हणाले.

तात्पर्य एवढंच: नावाचा अर्थ पोथीत सापडतो, पण ते नाव का ठेवलं हे ठेवणाऱ्या माणसालाच विचारावं लागतं, आणि ते माणूस आहे तोवर विचारून घ्यावं.