दौलूतात्यांनी फुंकलेला दिवा

ही गोष्ट मला नीट आठवते का, याची खात्री देता येत नाही. मामांनी ती मला चार-पाच वेळा सांगितली, आणि दर वेळी थोडी वेगळी. पुराव्याशिवाय बोलू नका, असं मी विद्यार्थ्यांना जन्मभर सांगत आलो. इथे माझ्याकडेच पुरावा नव्हता. तरी ऐका. चूक निघाली तर ती माझी, गावाची नव्हे.

कृष्णेवर पूल नव्हता आणि बाजाराला नावेतून जावं लागे, त्या काळी तांबवडे गावात दौलूतात्या जगदाळे राहत. पाच मुली, एक मुलगा, सून-नातवंडं, विधवा बहीण, असं मोठं घर. घरातलं प्रत्येक माणूस पंगतीला बसलेलं पाहिल्याशिवाय तात्या घास उचलत नसत. त्यांची हळद गावच्या पेवात असे. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं, पोट मात्र खोलीएवढं. तात्यांच्या पेवातल्या हळकुंडाला दहा वर्षं कीड लागत नसे, असं म्हणतात.

पेवाचा नियम एकच. तोंड उघडायचं, अर्धा दिवस तसंच ठेवायचं, मग दोराला बांधून पेटता कंदील आत सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरणार. विझला तर आतली हवा मेलेली, कुणी उतरायचं नाही. चाळीस वर्षांत तात्यांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता.

मग धाकट्या अक्काताईचं लग्न ठरलं. हळद फोडायचा मुहूर्त सकाळचा होता, आणि लेकीची हळद घरच्याच पेवातली हवी. पेवाचं तोंड पहाटे उघडलं. मुहूर्त जवळ म्हणून तात्यांनी लगेच कंदील हातात घेतला, तेवढ्यात बहीण पारूआक्का आडवी आली. म्हणाली, “तात्या, लग्नघरात दिवा इझवून घेणार हायस व्हय? लेकीच्या हळदीला?”

तात्या थांबले. कंदील त्यांनी खुंटीला अडकवला आणि दुपारपर्यंत कुणी उतरू नका, मुहूर्त टळला तर टळू दे, असं सांगून ते पाहुण्यांकडे गेले. पण मुहूर्ताला बायका पेवाशेजारी मांडलेल्या उखळाशी येऊन बसल्या. मुसळांना आंब्याची पानं बांधून झाली. कुणीतरी चेष्टेनं म्हणालं, नवरीच्या भावाला खड्ड्यात उतरायची भीती वाटती काय? तात्यांचा एकुलता मुलगा शिदू हसला आणि पाटी घेऊन आत उतरला.

तो वर आला नाही. हाका मारल्या, उत्तर आलं नाही. त्याला बघायला इराप्पा हमाल उतरला. तोही आला नाही.

पाहुण्यांची न्याहारीची पंगत बसली होती. तात्यांनी ओळीवरून नजर फिरवली आणि शिदूची जागा रिकामी दिसली. ते तडक पेवाकडे धावत सुटले. तेव्हा त्यांचं वय सत्तरच्या पुढे होतं.

पेवाशी आल्यावर त्यांनी छातीभर श्वास घेतला, कमरेला दोर बांधला आणि ते अंधारात उतरले. आत श्वास घ्यायचा नव्हता. वर सगळं गाव जमलं. मग एका म्हातारीनं रिकाम्या उखळात मुसळ घातलं आणि हळदीची ओवी सुरू केली, खाली गेलेल्याला तोंड कुठं आहे ते कळावं म्हणून. तीन ओव्या झाल्या. पाच झाल्या. सातव्या ओवीला दोर हलला, असं म्हणतात.

तात्या वर आले ते इराप्पाला काखेत धरून. पारूआक्कानं त्यांचा हात धरला. “आपला शिदू कुठाय? आधी त्येला का नाही आणलास?”

तात्यांनी एक श्वास घेतला. “ह्यो परक्याचा. ह्येच्या आईला काय सांगू?” दुसरा श्वास घेतला आणि ते पुन्हा उतरले.

या वेळी अकरा ओव्या झाल्या. म्हातारीचा आवाज बसला तरी मुसळ थांबलं नाही. तात्यांनी शिदूला वर आणलं, मांडीवर घेतलं, त्याच्या तोंडात आपला श्वास फुंकला, आणि शिदूनं डोळे उघडले, असं म्हणतात. यापुढचं विचारलं तर मामा म्हणत, “पुढं काय, लग्न झालं.”

तात्या नव्वदीपर्यंत जगले. महापुरात पेवं बुजली, हळद गोदामात गेली. पण तांबवड्यात आजही विहिरीत किंवा गोबरगॅसच्या टाकीत उतरायचं तर आधी दिवा सोडतात. लग्नघरी तर मांडवाच्या दिवशी सुवासिनी विहिरीत मुद्दाम दिवा सोडतात. तो विझला तर कुणी अपशकुन मानत नाही. “तात्यांनी फुंकला,” असं म्हणतात, आणि त्या दिवशी तिथे कुणी उतरत नाही.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी मी तालुक्याच्या कचेरीत जुनी मृत्यूची नोंदवही पाहिली. वैशाखातल्या एका पानावर लिहिलं होतं: शिदू दौलू जगदाळे, वय चोवीस, पेवात गुदमरून. इराप्पाचं नाव त्या पानावर नव्हतं. पुढची पानंही मी पाहिली. तिथेही नव्हतं.