नऊ वाजेपर्यंत फळ्याखाली

"...मग तुम्हीच सांगा मास्तर, लेखकानं आपल्या ब्लॉगवर राजकारण लिहावं की लिहू नये?"

खोचरे मास्तरांनी ओलं फडकं पिळलं.



श्रीरंग हुपरीकरने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला होता. पहिल्यांदा वाचनालयाच्या पायरीवर बसताना, दुसऱ्यांदा लगेच उठताना, आणि आता येरझाऱ्या घालताना. दोन दिवस झाले, त्याला एका जागी बसवत नव्हतं. मास्तर आपले फळा पुसत होते. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी माणसाने जितक्या सावकाश पुसावा तितक्या सावकाश.

फळा म्हणजे गावचा फळा. वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर, दूध डेअरीच्या अगदी समोर. कोण वारलं, कोणाची म्हैस हरवली, नळाला पाणी कधी येणार, सगळं त्याच्यावर. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे तेव्हापासून हा फळा त्यांच्याकडे होता. श्रीरंगला चार लोक वाचतील असं लिहायची गोडी लागली तीही इथंच. आता त्याच्या नावावर चार कादंबऱ्या होत्या, आणि ब्लॉगला चाळीस हजार वाचक. हा आकडा तो कुठल्याही बोलण्यात बसवू शकत असे. चहाची चव सांगतानासुद्धा.

"चाळीस हजार लोक वाचतात मास्तर, गंमत नाही."

"बरं."

"परवा खालच्या आळीच्या पाण्यावर लिहिलं. वरच्या आळीला एक दिवसाआड पाणी, खालच्या आळीला आठ दिवसांनी. का, तर सत्तेतले नगरसेवक सगळे वरच्या आळीचे. नवी पाइपलाइन मंजूर होऊन दोन वर्षं झाली, ती खाली उतरतच नाही. एवढंच लिहिलं. पुढं काय झालं असेल?"

"काय झालं?"

"दोनशे सदतीस प्रतिक्रिया! निम्मे म्हणाले, मी या पक्षाचा. निम्मे म्हणाले, त्या पक्षाचा. एका बाईंनी लिहिलं, तुमच्या कादंबऱ्या वाचून रडले होते, आता त्या उशाखालून काढून टाकते. चार तासांत मी लेख काढून टाकला."

"काढलास?"

"काढला." श्रीरंग थांबला. "...पण चैन पडत नाही."

हे मात्र अगदी खरं होतं. त्यात काल प्रकाशकांचा फोन आलेला. पुढच्या महिन्यात नवी कादंबरी यायची होती. प्रकाशक गोड बोलले, गोड बोलतच म्हणाले की ब्लॉगवर पुन्हा राजकारण येणार नाही असा शब्द उद्या दुपारी बारापर्यंत द्या, नाहीतर पुस्तकाचं आपण दिवाळीनंतर बघू. आणि आज चार वाजता नगरपालिकेची सभा होती. खालच्या आळीची पाइपलाइन तिसऱ्यांदा चर्चेला येणार होती. लेख तोवर परत आला तर सभेत निदान कोणाला तरी मान खाली घालावी लागली असती. नाही आला, तर विषय पुन्हा बारगळणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

म्हणजे बारा वाजेपर्यंत इकडं तरी किंवा तिकडं तरी.

तो मास्तरांकडे उत्तर विचारायला आला होता असं म्हणणं हे अर्धसत्य झालं. उत्तर तो घरूनच घेऊन आला होता. मास्तरांनी त्यावर फक्त मान डोलवायची होती.

"साहित्य कसं, चिरंतन असतं ना मास्तर? राजकारण काय, आज आहे, उद्या नाही."

"उद्या?" मास्तर वळले. "बरी आठवण केलीस. उद्या पाणी कुठल्या आळीला?"

"...वरच्या."

मास्तरांनी खडू घेतला आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, 'उद्या पाणी : वरची आळी'. मग तोच खडू श्रीरंगपुढे धरला.

"उरलेल्या जागेत तुझं लिही."

"माझं काय?"

"काढलास ते."

"अहो, बाराशे शब्द आहेत. मावतील कुठं?"

"मावतील तेवढे."

श्रीरंगला हसू आलं. चाळीस हजारांच्या लेखकाला डेअरीसमोरचा फळा! पण हातात खडू आला की हात शिवशिवतो, त्याला कोण काय करणार. त्याने लेखातली सगळ्यात जमलेली वाक्यं निवडली आणि वळणदार अक्षरात लिहून काढली.

'खालच्या आळीतल्या हौसाबाई सनदे या विधवा म्हातारीच्या डोक्यावर हंडा नाही, आपल्या सगळ्यांची लाज आहे. आठ दिवस कोरडा असलेला तिचा नळ विचारतो आहे, आमचं पाणी कोणी प्यायलं?'

दोन पावलं मागे जाऊन त्याने वाचलं. काय बिशाद होती कोणाची यात एक शब्द बदलायची!

"नाव घाल," मास्तर म्हणाले.

त्याने नाव घातलं. खाली सवयीने एक रेघही ओढली.

"झालं. निघू मी?"

"नऊ वाजेपर्यंत थांब."

"नऊ? कशाला?"

मास्तरांनी बोटाने फळ्याखालची जागा दाखवली.

...मग त्याला आठवलं. या फळ्याचा हा एकच नेम होता. ज्याने लिहिलं त्याने नऊ वाजेपर्यंत फळ्याजवळ उभं राहायचं. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारू दे, भांडायचं असेल तर भांडू दे, आणि वाक्य चुकलं असेल तर लिहिणाऱ्यानेच पुसायचं. शाळेत असताना श्रीरंग कितीतरी वेळा असा उभा राहिला होता. पण तेव्हा तो सुविचार लिहायचा. सुविचाराशी भांडायला कोणी येत नाही.

सव्वासात झाले होते.

डेअरीचं शटर वर गेलं. किटल्या घेऊन माणसं यायला लागली. येता-येता फळ्याकडे बघायची, वाचायची, मग श्रीरंगकडे बघायची, आणि काही न बोलता रांगेत जाऊन उभी राहायची. ब्लॉगवर लोक वाचायच्या आधीच भांडायला लागत. इथे वाचून गप्प बसत होते, आणि ते जास्त वाईट होतं. श्रीरंगने या पायावरचा भार त्या पायावर घेतला. मोबाइल काढला, खिशात घातला, पुन्हा काढला. ओळखीचं कोणी दिसलं की हसू का नको, हे ठरेपर्यंत माणूस पुढे गेलेला असे.

एक स्कूटर थांबली. पाणीपुरवठा समितीच्या सभापतींचे धाकटे भाऊ. त्यांनी गॉगल वर करून सगळं सावकाश वाचलं.

"सर, तुमची मागची कादंबरी लई भारी होती बघा," ते म्हणाले. "आई अजून सांगती, असं लिवणारा गावात दुसरा न्हाई. तसलं लिवा की."

आणि गेले. एवढंच. श्रीरंगच्या पाठीला घाम फुटला.

"मास्तर, बघितलंत? यालाच मी म्हणत होतो. लेखकानं..."

मास्तर पायरीवर बसून वर्तमानपत्राची घडी उलगडत होते.

आठ वाजायला दहा मिनिटं असताना एक म्हातारा फळ्यापुढे येऊन उभा राहिला. डोक्याला मळकं मुंडासं, हातात काठी, एक गुडघा सुजलेला. त्याने काठी काखेत धरली आणि अक्षराखालून बोट फिरवत मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"खा-ल-च्या... आळीतल्या... हौसाबाई सनदे... या... वि-ध-वा..."

बोट थांबलं. मागे गेलं. पुन्हा पुढे आलं.

"ही हौसाबाई सनदे म्हंजे मारुतीच्या देवळामागची?"

"हो," श्रीरंग म्हणाला. निदान एकाने तरी काही विचारलं म्हणून त्याला हायसं वाटलं. "तुम्ही ओळखता त्यांना?"

"वळकतो की. बायकू हाय माझी."

...

"मी गुंडाप्पा सनदे," म्हातारा म्हणाला. "मग मी मेलो कवा?"

तो चिडलेला नव्हता. त्याला खरोखरच माहिती हवी होती.

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळी रांग हसली. श्रीरंगच्या कानाच्या पाळ्या तापल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

खालच्या आळीत तो गेला होता. खोटं नव्हतं ते. दहा मिनिटं गेला होता. भर दुपारी डोक्यावर दोन हंडे घेऊन ती बाई चढण चढत होती. घामाने निथळत होती, पदराने कपाळ पुसून पुसून तिचं कुंकू पार गेलं होतं. त्याने ते मोकळं कपाळ बघितलं आणि मनात नोंदवून ठेवलं. नाव तेवढं विचारलं, नवऱ्याचं विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्याला बरंही वाटलं होतं, कारण त्या एका शब्दाने वाक्याला वजन आलं होतं.

दोनशे सदतीस प्रतिक्रिया आल्या. श्रीरंग कोणाचा हस्तक, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गुंडाप्पा जिवंत आहे, हे एकानेही कळवलं नाही.

"ते तेवढं पुसा की राव," गुंडाप्पा म्हणाला. "रेशनकार्डावरनं नाव उडवत्याली माझं."

श्रीरंगने तळहाताने शब्द पुसला. फडकं शोधायचंही त्याला भान राहिलं नाही.

"म्हातारी बी पुसा. तिनं वाचलं तर त्यो हंडा तुमच्या टाळक्यात घालंल."

तेही पुसलं.

"आन् आठ दिस न्हाईत. आज नववा हाय."

"नक्की?"

"म्या मोजतोय न्हवं. मला दुसरं काम काय? ह्यो गुडघा असा. म्हनून तर ती एकटीच जाती हिरीवर. रोज सा हंडे. ते लिवलंयसा का?"

"...नाही."

"आन् लाजबीज काय हाय ते? तिच्या डोक्यावर लाज हाय म्हंतासा? तिनं काय केलंय?"

"तसं नाही आजोबा, ती आपली सगळ्यांची... म्हणजे ते एक..." 

एवढ्यात खिशात फोन वाजला. प्रकाशक. दोन्ही हात खडूने माखलेले होते. फोन वाजवाजून बंद पडला.

श्रीरंगने सगळंच पुसलं आणि नव्याने लिहिलं.

'खालच्या आळीत हौसाबाई आणि गुंडाप्पा सनदे राहतात. त्यांच्या नळाला पाणी येऊन आज नववा दिवस. गुंडाप्पांचा गुडघा दुखतो, म्हणून हौसाबाई विहिरीवरून रोज सहा हंडे एकट्या आणतात. वरच्या आळीला काल पाणी आलं. माझं घर वरच्या आळीत आहे. पाइपलाइनचा विषय आज चार वाजता नगरपालिकेच्या सभेत आहे.'

माझं घर वरच्या आळीत आहे, हे बाराशे शब्दांत कुठेच नव्हतं. ते आत्ता कसं आलं, त्याचं त्यालाही कळलं नाही. त्याने वाचून बघितलं. काही दमच नव्हता त्यात. ना उपमा, ना वळण. अशी वाक्यं तर कोणीही लिहिली असती.

गुंडाप्पाने बोट फिरवत पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि मान हलवली.

"आता बरुबर हाय." मग डेअरीकडे तोंड करून त्याने हाक मारली. "अगं ए! हिकडं ये. तुजं नाव लिवलंय फळ्यावर!"

हौसाबाई रांगेतून निघून आली. हातात किटली, कपाळावर सकाळचं रुपयाएवढं ताजं कुंकू. श्रीरंगला ते बघवेना. प्रौढांच्या वर्गात मास्तरांकडे दोन हिवाळे बसून ती अक्षरं लावायला शिकली होती. तिने किटली खाली ठेवली, पदर सावरला आणि फळ्याकडे बघितलं.

श्रीरंग हात जोडून तिच्यासमोर उभा राहिला.

"मावशी, माफ करा. माझी चूक झाली. आधी मी भलतंच लिहिलं होतं."

"आसूं द्या, आसूं द्या," ती म्हणाली.

"नाही मावशी, ऐका. माझा हेतू चांगला होता. तुमचं दुःख चाळीस हजार लोकांपर्यंत पोचावं असं मला वाटत होतं. पण लोक वाट्टेल ते बोलले. प्रकाशक म्हणतात, राजकारण सोडा. माझी दोन दिवस झोप उडालीय."

"आगं बया."

"सोडलं तर तुमच्याशी बेइमानी होते. लिहिलं तर पुस्तक अडकतं. लेखकानं नेमकं करावं तरी काय, हाच तर प्रश्न आहे ना मावशी?"

"व्हय, व्हय," हौसाबाई म्हणाली आणि मान डावीकडे कलती केली.

श्रीरंगही डावीकडे झुकला. आपल्या डोळ्यातलं पाणी तिला दिसावं, असं त्याला फार वाटत होतं.

तिने मान उजवीकडे केली. तोही उजवीकडे सरला.

"लेखकाची घुसमट लोकांना कळत नाही हो. तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर..."

ती टाचा उंचावून त्याच्या खांद्यावरून बघायला लागली.

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. पायरीवरून उठले, सावकाश आले आणि श्रीरंगच्या दंडाला धरलं.

"श्रीरंगा, जरा सरक. तिला वाचू दे."