पितळी पाटीचं झाड

माणदेशातल्या एका जहागिरीत पाण्याची कायम बोंब. अशात दिवाण भास्करपंत विलायतेहून कुंडीतलं एक झुडूप घेऊन आले. त्याच्या पितळी पाटीवर लांबलचक परदेशी नाव कोरलं होतं. विहिरीचं सगळं पाणी यालाच घाला, मोगरा वाळला तरी चालेल, असा हुकूम त्यांनी सोडला.

बाग सांभाळणारी हौसा माळीण म्हणाली, "दिवाणजी, ही तर आपली घाणेरी. बांधावर बिनपाण्याची माजती."

पंत भडकले. जहागीरदारांसमोरच म्हणाले, "सिद्ध कर, नाहीतर उद्यापासून बागेत पाऊल टाकू नकोस."

हौसानं घरून आपली शेळी आणली. बोरीबाभळी काट्यांसकट फस्त करणारी ती शेळी कुंडीपाशी गेली, तिनं एकदा हुंगलं, फुरफुरली आणि पाठ फिरवून सरळ मोगऱ्याकडे निघाली.

"घाणेरी सोडून ती काय बी खाती," हौसानं तिला आवरत सांगितलं.

जहागीरदारांनी एक पान चुरगळून नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. तो वास ते लहानपणापासून ओळखत होते. पाणी मोगऱ्याला सोडा, एवढंच ते म्हणाले.

पंत मात्र धुसफुसत राहिले. "माझ्यासारख्या शिकलेल्याला कळलं नाही, ते एका शेळीला बरं कळलं."

"तिला पाटी वाचाय येत न्हाई, दिवाणजी," हौसा म्हणाली. "म्हणून ती झाडच बघती."